भावाचं ग्राफिक्स कार्ड

आठ महिने मी एकच वही घेऊन बसले होते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. प्रत्येकापुढे तीन-तीन पर्याय, त्यातले दोन खोडलेले. सिंदी मेघेत शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जे जमलं होतं, तेवढ्यात मला गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायचा होता. अडायचं ते गेमचं चित्र पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डापाशी. मनासारखं कार्ड घेतलं तर बाकी काही परवडायचं नाही. मग रॅम निम्मी करायची, प्रोसेसर जुना धरायचा आणि पुन्हा नवं पान.

तेवढ्यात दिवाळीत कळलं, अल्लीपूरच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, चुलतभावाला नागपूरहून तयार कॉम्प्युटर आणून दिला. मोठ्या बाबांचं बियाणं-खताचं दुकान. भाऊ माझ्याहून वर्षानं लहान. रॅम म्हणजे काय तेही त्याला ठाऊक नव्हतं. फोनवर त्यानं खोक्यावरचं कार्डाचं नाव वाचून दाखवलं. माझ्या वहीत ते पहिल्या पानावर होतं आणि सगळ्यात आधी तेच खोडलेलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भाऊबीजेला गेलो. काचेच्या डब्यात निळे-जांभळे दिवे फिरत होते. मी ओवाळलं, त्यानं लगेच खुर्चीवर बसवलं.

"पाय ना ताई, गेम अटकून राह्यला. दुकानवाला म्हणते नेट स्लो हाये."

मी डब्याच्या मागे वाकले. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावलेली, कार्डाची सगळी तोंडं रिकामी. म्हणजे एवढं महागाचं कार्ड नुसतं बसून होतं. केबल काढून वीतभर खाली लावायची, बस. मी उठले, हात झटकले.

"मले काई समजत नाई रे," म्हणाले.

परतताना बसमध्ये मी खुशीत होते. नंतरही त्याचा फोन आला की मी मुद्दाम म्हणायचे, "ड्रायव्हर अपडेट करून पाय." तो बिचारा करायचा.

महिन्याभरानं तो कार्ड घेऊन आमच्या घरी आला.

"खराब निघालं हे. काढून ठेवलं तरी गेम तसाच चालते. तू कॉम्प्युटर बनवून राह्यली ना? घे तुले. जमन तवा काई देजो."

मी घेतलं. ते खराब नाही हे माहीत असून घेतलं. बाकीचे पार्ट आणून चार दिवसांत कॉम्प्युटर उभा केला आणि गेम लावला. पाणी वाहावं तसा चालला. आईनं विचारलं, "भावाचं खराब कार्ड तुह्याजवळ कसं काय चालते?" मी गेमचा आवाज वाढवला. त्यानंतर खेळायला बसले की तिचाच प्रश्न ऐकू यायचा.

रविवारी कार्ड काढून अल्लीपूरला गेले. त्याच्या डब्यात बसवलं, केबल कार्डाला लावली. गेम सुरू झाला तसा तो ओरडला, "इतकंच होतं?"

"हो."

मग तो माझ्याकडे वळला. "भाऊबीजेलेच माहीत होतं तुले?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुह्याजवळ होतं म्हणून."

त्यानं खुर्ची परत फिरवली. स्क्रीनकडे तोंड करून खेळत राहिला. मोठ्या आईनं जेवायला हाक मारली तेव्हा एकटाच उठून गेला.

मी पुढे एक जुनं, साधं कार्ड घेतलं. दोन-अडीच महिने त्यानं फोन केला नाही. आता करतो, पण काही विचारलं की शेवटी म्हणतो, "खरं सांगून राह्यली ना?" मी खरंच सांगते. मात्र त्यानं नव्या गेमचा फोटो पाठवला की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या वेगाच्या आकड्यावर जाते. तो आकडा माझ्या गेमच्या दुप्पट असतो, आणि मला अजून ते आवडत नाही.