नळापुढची बाई

तिचं नाव मी विचारलंच नाही. कापूस पिकूनही घरात काही उरत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी यवतमाळच्या वीज कचेरीत कारकून होतो. लोहाऱ्यापलीकडच्या एका वस्तीत आमच्या कचेरीने सौरपंप बसवला होता. अहवालासाठी फोटो हवा, म्हणून साहेब मला घेऊन तिथे गेले.

नळापाशी ती उभी होती. पन्नाशीची, कापूस वेचून बोटं ओरखडलेली. तिने पाइपाला कान लावला, मान हलवली आणि घागर पालथी घातली.

साहेब म्हणाले, "बाई, नळाखाली घागर धरा आणि जरा हसा."

"पंप लावल्यापासून थेंब आला नाही, साहेब. मंग हासू कायले?"

"फोटोपुरतं हो. दुरुस्ती नंतर होईल."

"फोटो पाहून वरचे म्हणतीन, पाणी येऊन राह्यलं. मंग दुरुस्त कोन करीन?"

बाकीच्या बायांनीही घागरी पालथ्या घातल्या. साहेब संतापले. त्यांनी ड्रायव्हरला गाडीतलं पाणी नळाच्या टाकीत ओतायला लावलं आणि मला म्हणाले, "तुम्ही प्या. मान खाली घाला, चेहरा दिसणार नाही."

ती बघत होती. मी चपला काढल्या, वाकलो आणि ओंजळ धरली.

तो फोटो अहवालात लागला. पंप बंदच राहिला. साहेबांचा राग येतोच, पण फोटोखाली 'समाधानी ग्रामस्थ' हे शब्द मीच लिहिले होते.