तीन नारळांची बंदूक

युस्मानियारला राग यायला फार काही लागत नसे, पण त्या सकाळी कारण चांगलं भक्कम होतं. दोन दिवसांत बागेत बावीस कोवळे नारळ गळून पडले होते. प्रत्येकाच्या देठाजवळ खारीने कुरतडलेलं भोक, आणि आतलं सगळं फस्त. तिने ते नारळ पोत्यात भरले, पोतं डोक्यावर घेतलं आणि सरळ नाक्यावरच्या कॉफीच्या टपरीत जाऊन पुरुषांच्या बाकापुढे ओतलं. आमच्या सुमात्रातल्या पारियामानमध्ये बाईमाणूस टपरीत जात नाही. तिथे बाप्ये डोमिनो आपटतात, सरकारं पाडतात, आणि वेळ उरला तर दुसऱ्याच्या बागेचं काय करायचं ते ठरवतात.

"मामा, तोंडाने सांगून पटत नव्हतं ना? आता डोळ्यांनी बघा."

बागिंदो मामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ. त्याने हातातला पेलाही खाली ठेवला नाही. "बघितलं. म्हणूनच म्हणतोय, बाग या रुस्लानला दे. अर्ध्या वाट्याने करील. एकट्या बाईचं काम नाही ते."

शेजारी बसलेला रुस्लान गालातल्या गालात हसला. तो मामाचा डुकराच्या शिकारीतला जोडीदार. दर रविवारी दोघं कुत्री घेऊन रान तुडवायला जातात. मामाच्या कुत्र्याला रोज सकाळी चार कच्ची अंडी लागतात, आणि ती खाऊन ते डुक्कर दिसलं की मामाच्याच पायांमागे लपतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

युस्मानियारला सगळे नियार म्हणतात. बाग नियारच्या आईची, त्याआधी आजीची. आमच्याकडे जमीन लेकीकडे जाते आणि तिच्यावर नजर ठेवायचा मान मामाला मिळतो. मान मोठा, काम कमी. नियारने 'हो' म्हटल्याशिवाय बाग हलणार नव्हती हे खरं, पण सगळं घर एका बाजूला बसलं की बाईच्या तोंडून 'हो' कसं काढतात, हे तिने आपल्या मावशीच्या वेळी बघितलं होतं. मावशीची बाग गेली ती गेलीच.

"पुढच्या पाडणीला बघू," मामा म्हणाला. "ढीग या खेपेपेक्षा लहान दिसला, तर सगळ्या घराला एकत्र बसवून निकाल लावतो."

"लावा," नियार म्हणाली. "आणि हे नारळ राहू द्या इथेच. तुमच्या कुत्र्याला अंड्यांबरोबर चालतील."

खारींवर इलाज झाला नव्हता असं नाही. महिन्यापूर्वी मामानेच रुस्लानला आणि आणखी दोघांना धाडलं होतं. खांद्यावर या लांबच लांब हवेच्या बंदुका, वर दुर्बिणी, अंगात लष्करी रंगाचे शर्ट. दिवसभर धाडधाड करून चार खारी पाडल्या, शेपट्या धरून फोटो काढले, नियारच्या हातचा भात आणि माशाचं कालवण चापलं आणि गेले. आठवड्याने नारळ गळू लागले. ते कुरतडलेले नव्हते. सालीवर मुगाएवढं गोल छिद्र आणि भोवती काळा डाग. नियारने कोयत्याने एकेक फोडला, तर आत शिशाचे छर्रे. खार एका जागी बसून राहत नाही, आणि हे वीर हवेचे वीस-वीस पंप मारून गोळी सोडत होते. खारीला लागली तर तिच्या आरपार, नाही लागली तर झावळीतून सरळ घडात. चार खारींपायी एकोणीस नारळ गेले.

"मामा, खार स्वस्त पडली हो," ती तेव्हाच म्हणाली होती. मामा म्हणाला, बंदुकीतलं तुला काय कळतं.

ते वाक्य तिला लागलं होतं. पोतं ओतून घरी परतली तेव्हाही तेच डोक्यात भणभणत होतं. काय कळायचं असतं एवढं बंदुकीतलं? खार मरावी आणि नारळ वाचावा, एवढंच ना? दुसऱ्या दिवशी तिने डोक्याला ओढणी बांधली, पिशवीत सोललेले पाच नारळ घेतले आणि शहराची गाडी पकडली.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. मासे धरायचे गळ, कुत्र्यांचे पट्टे आणि भिंतभर हवेच्या बंदुका. दुकानदार कामिल, त्याला सगळे अजो म्हणतात, अजो म्हणजे दादा. त्याने बाईमाणूस बघून खुर्ची पुढे केली.

"या ताई. नवऱ्यासाठी का?"

"नवरा जाकार्ताला गाडीवर काड्यांचं मटण, साते, भाजून विकतो. तिथे कुठल्या खारी? मला हवीय."

गळ निवडत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. कामिलने हसू गिळलं आणि कपाटातली सगळ्यात मोठी बंदूक काढून मांडली. काळ्या लाकडाचा दस्ता, वर दुर्बीण. "जावाच्या कारागिराची आहे. पंचवीस पंप घेते. पन्नास पावलांवरून..."

नियारने त्याला पुढे बोलू दिलं नाही. एका हातात बंदूक उचलली, दुसऱ्या हातात रिकामी केलेली पिशवी धरली, त्याला तिच्यात एकेक नारळ टाकायला लावला, आणि दोन्ही हात सारखे खाली झाले तेव्हा थांबवलं.

"पाच नारळ," ती म्हणाली.

"काय पाच नारळ?"

"वजन. आता बघा." तिने बंदूक खांद्याला लावली आणि नळी सरळ छताकडे केली. माडावरची खार डोक्यावर असते, समोर नसते. ती झावळीआड जाते, आणि पुन्हा डोकं काढीपर्यंत खालच्या माणसाला मान उलटी टाकून तसंच उभं राहावं लागतं. कामिलच्या दुकानात लोक बंदूक काउंटरवर टेकवून समोरच्या बाटलीवर नेम धरत आणि खूश होऊन घेऊन जात. नियार उभी राहिली. थोड्या वेळाने नळीचं टोक थरथरू लागलं, मग खाली आलं.

"बायकांच्या हाताला जरा जडच जाते," कामिल समजुतीने म्हणाला.

"मग बाप्याच्या हाताने धरा."

गिऱ्हाइकं बघत होती, त्यामुळे त्याला धरावी लागली. आधी ऐटीत धरली. मग खांदा हलला. मग कपाळाला घाम आला. मग कोपर हळूच बरगडीला टेकलं आणि गळवाल्यांपैकी एक जण फिसकन हसला.

"अजो, तुमच्या दुकानात माड नाही म्हणून ही खपते," नियार म्हणाली. "ती काढा बरं, ती मागची."

मागे खिळ्याला एक आखूड, धुळकट बंदूक लटकली होती. "ती पोरांची हो! पाखरं उडवायची."

"किती वजन?" तिने आपणच तोललं. दुर्बिणीसकट साडेतीन नारळ. "ही दुर्बीण काढा. माड काय चंद्रावर आहे का?" दुर्बीण निघाली आणि बरोबर तीन नारळ झाले. खांद्याला लावून तिने छताकडे धरली. रेडिओवर एक अख्खं गाणं संपलं, तरी टोक हललं नाही.

पण घेतली नाही. समोरच्या शहाळेवाल्याकडून एक हिरवं शहाळं आणि चहावाल्याकडून दुधाचा रिकामा डबा आणला. दुकानामागच्या बोळात दोन्ही भिंतीशी मांडले आणि माडाच्या उंचीएवढी पावलं मोजून उभी राहिली. चार पंप मारून शहाळ्यावर छर्रा सोडला. तो सालीत अडकला, नखाने उकरून निघाला. सहा पंपांना जरा आत गेला, पाणी आलं नाही. मग चार पंपांत डब्यावर. पुढचा पत्रा फुटला, मागचा नाही. खारीचं डोकं दुधाच्या डब्यापेक्षा पक्कं नसतं.

"घेतली," ती म्हणाली.

कामिल डोकं खाजवत होता. "ताई, वीस वर्षं धंदा करतोय. बंदूक पुरेशी कमजोर आहे की नाही हे तपासणारं गिऱ्हाईक पहिलंच."

साडेसहा लाख रुपिया सांगितले होते; आमच्याकडे साधा शर्टही लाखाला येतो. नियारने सहा दिले, छर्ऱ्यांच्या दोन डब्या वर मागून घेतल्या, आणि पिशवीतले पाचही नारळ त्याच्या बायकोसाठी ठेवून आली. घासाघीस वेगळी, माणुसकी वेगळी.

बंदूक आणली म्हणजे खारी रांगेत येऊन पडल्या असं झालं नाही. पहिला आठवडा एकही नाही. रोज सकाळी आणि उन्हं कलल्यावर ती माडाखाली मान वर करून उभी. रात्री मान वळेना, उशी घेता येईना. टपरीला तर आयताच तमाशा. रुस्लान रस्त्यावरून ओरडायचा, "नियार, आभाळात काय शोधतेस, नवरा?"

"तुमची अक्कल. खाली कुठे सापडली नाही."

जीभ चालत होती, पण मनातून ती घाबरली होती. पाडणी जवळ येत होती, आणि मावशीचा चेहरा तिला सारखा आठवत होता. नेम चुकत नव्हता, खारच दिसत नव्हती. ती नेहमी माणसाच्या उलट्या बाजूला सरकते. तुम्ही या बाजूला, ती खोडाच्या त्या बाजूला. म्हणून पुरुष दोघं जातात, एक फिरतो आणि दुसरा मारतो. नियार एकटी. शेवटी तिने नवऱ्याचा जुना शर्ट एका काठीवर चढवला आणि माडाच्या पलीकडे रोवला. शर्ट वाऱ्यावर हलला. खारीने तो बघितला आणि खोडाला बिलगून अलगद नियारच्या बाजूला आली.

चार पंप. एक छर्रा. खार पायाशी येऊन पडली. तपकिरी, पोटाला तांबूस, मूठभर जीव. नियारला वाईट वाटलं. तिने माडाच्या बुंध्याशी खड्डा करून तिला पुरलं. फोटो काढला नाही. शेपूट टांगली नाही. पण हात जोडून माफीही मागितली नाही. बाग तिची होती, आणि त्या बागेवर दोन लेकी शिकत होत्या. संध्याकाळी फोनवर तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमच्या शर्टाने आज पहिल्यांदा बागेत काम केलं." तो बिचारा हसला.

त्यानंतर दिवसाला एक, कधी दोन. छर्ऱ्याने नासलेला नारळ एकही नाही.

पाडणीच्या दिवशी माकडवाला नारळ पाडायला शिकवलेलं आपलं माकड घेऊन आला. ते सरसर वर चढून नारळ पिरगाळून खाली टाकत होतं आणि नियार ते ओढून अंगणात रचत होती. आत घरातल्या सगळ्या बाया चटईवर बसल्या होत्या, दारात मामा, त्याच्यामागे रुस्लान, स्वच्छ शर्ट घालून आलेला. मागच्या खेपेला ढीग ओट्याच्या पायरीला लागला होता. या खेपेला तो पायरी ओलांडून ओट्यावर आला, आणि अजून सात माड बाकी होते. रुस्लानने मोबाइल काढला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करत गेटबाहेर गेला तो परत आलाच नाही.

मामाने घसा साफ केला. सगळ्यांकडे बघून म्हणाला, "ठीक आहे. बाग नियारकडेच राहू द्या."

"राहू द्या म्हणायला ती गेली कुठे होती, मामा?"

चटईवरची एक म्हातारी तोंडाला ओढणी लावून खुदुखुदु हसली. मामाचे कान लाल झाले. नियारने सगळ्यांना कॉफी दिली. मामाला पहिली दिली, कारण तो मामा होता.

चार दिवसांनी तोच मामा एकटा तिच्या ओट्यावर आला. बसा म्हटलं तरी बसेना. आमच्याकडे पुरुषाची दोन घरं असतात. बहिणीच्या घरी तो मामा, त्याच्या शब्दाला वजन. बायकोच्या घरी तो पाहुणा, दिलेलं खावं आणि गप्प राहावं. मामाकडे बघून आज तो कुठल्या घरून आलाय ते नियारने ओळखलं.

"मामीच्या बागेत पण खारी झाल्यात," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग रुस्लानला न्या."

"नेला होता. छर्रे निघाले नारळांत. तुझी मामी त्याला आता फाटकातून आत घेत नाही. मलाही... तुझी ती बंदूक दे दोन दिवस."

"बंदूक मिळणार नाही, मामा. बंदूकवाली मिळेल."

मामाने तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कधी येतेस?"

"ते मी मामीशी ठरवीन," नियार म्हणाली. "बाग तिची आहे."