चुन्याचे पट्टे

शिरपूरच्या अँब्युलन्सवरचे ते भाऊ बोलताना माणसाच्या तोंडाकडे नाही, चपलेकडे पाहतात. चपलेचा अंगठा तुटलेला दिसला की म्हणतात, "पडशी."

आमच्या फाट्यावरच्या गतिरोधकाला पट्टे नव्हते, रोज कोणीतरी आपटायचं. मी सह्या गोळा करून बांधकामच्या साहेबांना पाहणीला बोलावलं. आदल्या दिवशी भाऊंनीच तिथे चुन्याचे पट्टे ओढले. साहेब "पट्टे तर आहेत" म्हणाले आणि निघून गेले. पावसाळ्यात हा चुना टिकणार नाही.

मी भाऊंवर भडकलो. "एक दिवस थांबता आलं नाही?"

"काल कोनी पडतं तं उचलाले मालेच जानं पडतं, भाऊ."

काल खरंच कोणी पडलं नव्हतं. मी नवं निवेदन लिहायला घेतलं, पण तक्रार नेमकी कशाची करायची, तेच ठरेना.