पाव्हण्यांचं बोट

बारामतीच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावर रंगूबाईचा मळा होता. तसा तो तिच्या नवऱ्याचा, आप्पांचा. पण मळ्यात आप्पांना कुणी विचारत नसे आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. माझं रान तिच्या बांधाला लागून, त्यामुळं रंगूबाईचा आवाज मला रोज फुकटात ऐकायला मिळे.

चैत्र लागला की काकडी, दोडकी, कारली एकदम अंगावर येत. उजाडताना तोडणी करायची, पाट्या ओल्या फडक्यानं झाकायच्या आणि ऊन चढायच्या आत बारामतीचा बाजार गाठायचा. जरा उशीर झाला की काकडी मान टाकते. त्या दिवसांत रंगूबाईसमोर जो येईल त्याचा उद्धार होई, मग तो बैल असो, नवरा असो, नाहीतर मी. सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे वेलावरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवणं. बोट दाखवलं की फळ पिवळं पडून सडतं, असं आमच्याकडं सगळेच मानत. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवायचं. बाकीच्या बायका चुकलेल्याला हसून सोडून देत. रंगूबाईनं या गुन्ह्यासाठी कालव्यावरच्या पाटकऱ्याला, म्हणजे सरकारच्या माणसाला, बांधावरून हाकललं होतं.

या तोंडापायी रतनची दोन स्थळं हुकली. रतन तिची एकुलती एक लेक, अठरावं सरलेली. आईच एवढी तर पोरगी केवढी असेल, असं म्हणत लोक गेले ते गेलेच. तिसरं स्थळ मी आणलं. इंदापूरकडचे सर्जेराव, बागायती माणूस, आणि त्यांचा मुलगा सिद्धू.

"वहिनी, उद्या तेवढं तोंडाला कुलूप घाला," मी हात जोडून म्हणालो.

"व्हय तात्या. पोरीच्या जल्माचा सवाल हाय. एक शबूद बोलणार न्हाय." तिचे डोळे भरून आले होते. मला तिची खरोखर दया आली.

ऊन टाळायचं म्हणून पाव्हण्यांनी गाडी पहाटेच्या गारव्यात हाकली आणि ते ऐन तोडणीत येऊन थडकले. रंगूबाईनं त्यांना गूळपाणी दिलं आणि ती गप्प राहिली. इतकी गप्प, की बैलांनाही चुकल्या-चुकल्यासारखं झालं असेल. रतन कारल्याच्या मांडवात तोडणीला होती. सिद्धू तिकडं सरकला आणि सर्जेराव आमच्याबरोबर मळा बघायला निघाले. माणूस बोलका, आणि बोलताना हात नाचवायची खोड. काकडीच्या वेलापाशी थांबून ते म्हणाले, "वा! ही बगा, ही बगा!" आणि त्यांनी करंगळीएवढ्या काकडीवर सरळ बोट रोखलं.

रंगूबाईनं ओठ दाबले. मी मोरगावच्या गणपतीला नवस बोलून टाकला.

"आन् ती पल्याडची..." बोट पुढच्या काकडीकडं वळलं, तेवढ्यात रंगूबाईनं ते मुठीत धरून दुमडलं.

"पाव्हणं, जल्मात मळा बगितला न्हाय व्हय? कवळ्या जिवाला बोट दावत्यात?"

परक्या पुरुषाचा हात, आणि तोही होणाऱ्या व्याह्याचा! आप्पा होते तिथंच खाली बसले. आपण काय केलं हे रंगूबाईला उमगलं तसं तिनं बोट सोडलं आणि पदर तोंडाशी धरला.

"चुकलं माजं. पन माज्या तोंडाची शिक्षा पोरीला नगा करू. ती माज्यासारकी न्हाय. गरीब गाय हाय."

सर्जेराव आपल्या बोटाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरातली बी असंच धरून दुमडायची. ती गेली, आन् आता मळ्यात कुनीबी येतंय, कसंबी तुडवतंय. दटावणारं मानूसच ऱ्हायलं न्हाय." त्यांनी आपणच ते बोट दुमडलं. "पोरगी गरीब गाय असंल बाई, तर आमाला जमायचं न्हाय."

रंगूबाईनं कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा लेकीची खोटी तारीफ केली आणि तीच नेमकी अंगाशी आली. मी काहीतरी सारवासारव करणार, एवढ्यात कारल्याच्या मांडवामागून आवाज आला.

"ओ! डोळं घरी ठिवून आलासा व्हय? आत्ता पानी दिलंय त्या वाफ्याला! काडा पाय! आन् रिकाम्या हातानं काय हुबं ऱ्हायलाय? धरा ही पाटी!"

मांडवामागून सिद्धू बाहेर आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर कारल्यांची पाटी, आणि स्वारी गालातल्या गालात हसतेय. तसाच तो मुकाट गाडीकडं गेला.

सर्जेरावांना हसू आवरेना. शेवटी ते बांधावर बसले. "साखर वाटा," डोळे पुसत ते म्हणाले, "ठरलं आमचं."

रंगूबाई मांडवाची मेढ धरून हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, आनंदानं रडतेय.

"तात्या," ती म्हणाली, "आता माज्यासंगं भांडायला हितं कोन ऱ्हाईल वो?"