भास्करभाऊ आणि साडूंचे पुस्तक

नवे पुस्तक आले की भास्करभाऊ त्याला खाकी कव्हर घालत, हळदकुंकू लावत आणि कपाटात ठेवून देत. उघडत मात्र नसत. जळगावच्या डाळ मिलमध्ये संगणकांचे जाळे आम्ही दोघे सांभाळायचो. म्हणजे मी सांभाळायचे आणि ते पुस्तके निवडायचे. "ताई, बठ्ठं, सगळं पुस्तकवरच शे. पुस्तक जमलं की परीक्षा जमली," असे ते म्हणत. वाचण्याचा उल्लेख त्यात कुठे नसे.

मालकांनी एकदा जाहीर केले, नेटवर्किंगची वरच्या पातळीची परीक्षा जो पास होईल तो इथे विभागप्रमुख; दुसऱ्याने धुळ्याच्या मिलमध्ये जायचे. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे मला जळगाव सोडणे शक्य नव्हते. मी परीक्षेचा चालू अभ्यासक्रम छापून घेतला, त्याच्याशी ताडून एकच पुस्तक घेतले आणि मोडीत काढलेले राउटर टेबलाखाली जोडून सरावाला लागले.

भाऊंनी भरीत पार्टी ठेवली.

पुस्तक ठरवायला. परीक्षा पास झालेले झाडून सगळे नातेवाईक मळ्यात जमले. तुरकाठ्यांवर वांगी भाजली जात होती आणि स्थळ पाहावे तशी पुस्तके पाहिली जात होती. एकाने व्हिडिओ सुचवले, दुसऱ्याने त्यांना नावे ठेवली, तिसरा फुटलेले प्रश्न खिशात घेऊनच आला होता. मग पुण्याचे साडू बोलले, "मी यावरच पास झालो," आणि आपली जुनी प्रत भाऊंच्या हाती दिली. विषय संपला.

पार्टीला मलाही बोलावणे होते. मी ती प्रत चाळली. "भाऊ, हा अभ्यासक्रम कधीच बदललाय. ऑटोमेशनचं प्रकरणच नाही यात."

"हळू बोला ताई, साडू ऐकतील."

"ऐकू देत. परीक्षा तुम्हाला द्यायचीय."

"दुसरं घेतलं तर म्हणतील, आमच्या शब्दाला किंमत नाही. मंडळींनी माहेरी तोंड कसं दाखवायचं?"

परीक्षेचा संगणकही साडूंचा मान राखेल, अशी त्यांची समजूत असावी. त्याने राखला नाही. "भलतंच विचारतात हो," म्हणत भाऊ नापास होऊन आले. मी पास झाले. नारळ, शाल घेऊन ते धुळ्याला गेले. पुस्तकांसाठी वेगळा टेम्पो लागला.

आठवडा होतो न होतो तोच धुळ्याचे जाळे बंद पडले. बिले निघेनात, फाटकाशी ट्रक अडकले. मी फोनवर विचारले, "स्विचवर कोणते दिवे लागलेत?"

"थांबा ताई, साडूंना विचारून सांगतो."

साडू पुण्यात होते. मी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवले आणि धुळ्याची बस पकडली. विभागप्रमुख झाल्यापासून माझे निम्मे दिवस त्याच रस्त्यावर जातात. स्टँडवर भाऊ न चुकता घ्यायला येतात. तेवढे त्यांना जमते.