हजर नसलेली चावी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कंपाउंड अरुंद आहे, त्यामुळे गाड्या एकामागे एक लागतात. भिंतीकडची गाडी काढायची तर पुढची हलवावी लागते. म्हणून पुढच्याने आपली दुसरी चावी मागच्याकडे देऊन ठेवायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. भिंतीकडे काकांची गाडी, पुढे माझी. माझी दुसरी चावी काकांकडे असे.

काका म्हणजे माझ्या बरोबर वरच्या घरातले. नात्याचे नाहीत. काकी गेल्यापासून एकटेच राहायचे. एक पुतणी चेंबूरला, ती अधूनमधून येऊन जायची.

एके दुपारी मी घरून काम करत होतो. कंपाउंडात चिटपाखरू नव्हतं आणि माझी गाडी वाजली. टुक टुक. गॅलरीतून पाहिलं तर दिवे लुकलुकले, कुलपं उघडली, लगेच बंद झाली. आसपास कोणी नाही. माझी चावी घरातच होती. अंगावर काटा आला. तेवढ्यात वरून आवाज आला, "अरे घाबरतोस काय, मी आहे! ये वर, चहा टाकलाय."

त्यांना हा खेळ आवडला. फोन करण्यापेक्षा सोपा म्हणायचे. मग रोजचंच झालं. दुपारी गाडी टुक टुक करायची आणि मी वर जायचो. सुरुवातीला आवडीने जात होतो. पुढे पुढे मीटिंगच्या मध्येच तो आवाज आला की कपाळावर आठी पडायची. बायको म्हणायची, "जा ना रे, चहाच तर आहे. एकटे असतात ते."

"चहा असतो दहा मिनिटांचा. गप्पा तासभर."

"मग तसं सांग त्यांना."

ते सांगणं मला जमलं नाही. मी दुसरं केलं.

माझ्या चावीचा सेल संपला. बरेच दिवस तसाच राहिला, मी नुसती चावी फिरवून दार उघडत होतो. शेवटी नवा सेल टाकला, तरी गाडी दाद देईना. आमच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "रिमोट परत शिकवायला लागेल गाडीला. सोपं आहे, तुम्हीच करा." चावी किती वेळा चालू-बंद करायची, मग कुठलं बटण दाबायचं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण साहेब, घरातले सगळे रिमोट घेऊन बसा हां. नवीन शिकवताना जुनं सगळं पुसतं. जो रिमोट हजर नसेल, त्याला गाडी विसरते."

मी खाली गाडीत जाऊन बसलो. काचा बंद होत्या. काकांची चावी आणायला दोन जिने चढायचे होते, फक्त दोन. मला आठवतंय, मी मान वर करून त्यांच्या खिडकीकडे पाहिलं. मग सांगितल्याप्रमाणे चावी फिरवली आणि बटण दाबलं. चारही दारांची कुलपं एकदम खाली गेली आणि वर आली. बंद गाडीत तो आवाज फार मोठा वाटला. काम झालं होतं. जे झालं ते चुकून झालं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दुपारी गाडी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, पण त्या वेळेला हात कीबोर्डवर थांबायचेच. एकदा राहवेना म्हणून गॅलरीत गेलो. वर पाहिलं तर काकांचा हात खिडकीच्या ग्रिलमधून कोपरापर्यंत बाहेर आलेला. हातात माझी चावी, गाडीवर रोखलेली. अंगठा दाबला जायचा तेव्हा चावीवरचा लाल ठिपका पेटायचा. खाली गाडी ढिम्म. तो हात ती चावी आणखी पुढे, आणखी पुढे नेत होता. चेहरा दिसत नव्हता, फक्त हात. मी आवाज न करता आत आलो.

मग ते जिन्यात भेटले. "तुझी गाडी ऐकत नाही रे माझं हल्ली."

"सेल उतरला असेल काका," मी म्हणालो.

"सेल होय! मग बरोबर. मी आणतो, तू नको धावपळ करू. तुझं ऑफिस असतं."

लाल ठिपका पेटताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

त्यानंतरच्या एका दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई आमचं दार बडवायला लागल्या. "दादा, लवकर चला! काका पडलेत, बोलत नाहीत!" मी वर धावलो. काका बाथरूमच्या दाराशी कुशीवर पडले होते. डोळे उघडे. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. जेवणाच्या टेबलावर कात्री आणि कापलेलं नव्या सेलचं पाकीट. आणि मुठीत माझी चावी. मी वाकलो तेव्हा त्यांचा अंगठा हलला आणि लाल ठिपका पेटला. थोड्या वेळाने पुन्हा पेटला.

म्हणजे दुपारी सेल घातला होता आणि आता गाडी ऐकेल अशी त्यांची खात्री होती. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. पडून बरेच तास झाले असावेत, लवकर आणायला हवं होतं. त्या दुपारभर मी खालच्या खोलीत होतो. गॅलरीचं दार उघडं होतं. किती शांत दुपार गेली, असं मी बायकोला बोललोही होतो.

काका घरी आले ते एक बाजू आणि वाचा गमावून. पुतणी सोबतीला येऊन राहिली. म्हणाली, "चावी सोडतच नव्हते हो हातातली. नर्सनी बोटं उघडून काढली. कशाची आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. ती उठली. आत जाऊन चावी घेऊन आली. "चालू करून आणा," म्हणाली.

मी दोन्ही चाव्या घेऊन गाडीत बसलो आणि दोन्ही शिकवल्या. वर जाऊन एक काकांच्या चालत्या हातात दिली. त्यांची खुर्ची खिडकीशी होती. त्यांनी बटण दाबलं. खाली गाडी वाजली. टुक टुक. काकांची मान वळली, खिडकीकडे. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"काका, आलोय ना मी. इथेच आहे," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खालीच बघत होते आणि दाबत होते.

पुतणी हळूच म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन उभे राहा बरं. कदाचित कळेल त्यांना."

मी खाली गेलो. गाडीजवळ उभा राहून हात हलवला. "काका, आलो!" दिवे माझ्या गुडघ्यांशी लुकलुकत होते, विझत होते. वरून पुतणी म्हणत होती, "ते बघा काका, आले ना." अंगठा थांबत नव्हता. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ती त्यांच्या खालच्या मजल्यावर, माझ्या रिकाम्या गॅलरीवर होती. मीही तिकडे पाहिलं. गाडी वाजत होती आणि मलाही वाटायला लागलं, आत्ता तो, तेव्हाचा मी, बाहेर येईल, वर बघेल आणि आवाज न करता आत जाईल.