दौलताबादच्या दरवाजातली मोटार

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. गाडी बंद पडली की तिला कारण असतंच – कधी पेट्रोल नाही, कधी करंट नाही, कधी चालवणाऱ्याला अक्कल नाही. पोरांना मी हेच शिकवलं. या सदरात येणारे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि वर हसतो. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती आत स्वयंपाकघरात हसतेय. हसू दे.

रिटायर झाल्यापासून मला एक नाद लागलाय. आमच्या संभाजीनगरच्या जुन्या फोटोंचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कुणीतरी जुना फोटो टाकतं, आणि मग हा रस्ता कोणता, हा मिनार कुठला, मागची टेकडी कोणती, यावर सगळे तुटून पडतात. माझ्याकडं गाड्यांचं खातं आहे. दिवे, पायदान, चाकाचे आरे बघून मी गाडी कोणत्या काळातली ते सांगतो. ग्रुपचा एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळे पाळतात – ज्यानं जागा ओळखली त्यानं स्वतः तिथं जायचं, त्याच ठिकाणाहून आजचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. तोवर ती ओळख पक्की धरत नाहीत.

या ग्रुपवर शमीम आपांनी एक फोटो टाकला. आपा रोशन गेटला राहतात, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण आवाज असा खणखणीत की वॉर्डातल्या बायका अजून दचकत असतील. फोटोत एक जुनी टूरिंग मोटार होती – कापडी टप, पुढं पितळी दिवे, रेडिएटरखाली लोंबणारं, गाडी चालू करायला फिरवायचं हँडल. मागं दगडी कमान, आणि कमानीच्या डाव्या अंगाला टेकडीवर चढत गेलेला तट. मोटारीशेजारी एक माणूस उभा होता. पण फोटोला ओल लागून मधोमध मोठा पांढरा डाग पडलेला. माणसाचा चेहरा, छाती, गाडीची नंबरप्लेट... सगळं डागाखाली. दिसत होते ते फक्त त्याचे बूट आणि दारावर ठेवलेला एक हात.

तो माणूस म्हणजे आपांचे वडील, करीमखान ड्रायव्हर. औरंगाबाद ते खुलताबाद, वेरूळ अशी सर्व्हिस मोटार चालवायचे.

आता बावन्न दरवाजांच्या गावात कमान ओळखायची म्हणजे काय खायचं काम आहे? कुणी मकाई गेट म्हणालं, कुणी बारापुल्ला, कुणी तर थेट जालन्याला गेलं. त्यात स्टिअरिंग डाव्या बाजूला. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं असतं, म्हणून ग्रुपमधल्या एका वकीलसाहेबांनी जाहीर केलं की ही गाडी कुणा जहागीरदारानं थेट अमेरिकेहून मागवली असणार. मीही त्यात हिरीरीनं उतरलो. आठवडेच्या आठवडे आम्ही त्या स्टिअरिंगवर वाद घातला.

शेवटी एके दिवशी आपांचा मला फोन आला.

"सर, ते अमेरिकन-फिमेरिकन राहू द्या हो. मला फक्त जागा सांगा. अब्बा जिथं उभे होते तिथं मला एकदा उभं राहायचंय, बस्स."

मी त्यांच्या घरी गेलो. फोटो त्यांनी एका लहान मुलाच्या टोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. पांढरं टोपरं, आता पिवळं पडलेलं, पुढं काळे गोंडे ओळीनं शिवलेले. आपांची अम्मी त्या रांगत्या असतानाच गेली. तिच्या पेटीतून हे दोनच निघाले, टोपरं आणि त्यात गुंडाळलेला फोटो. आपांना मामूंनी वाढवलं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत, आपांच्या जन्माच्या सुमारास, एकदा करीमखान मोटार घेऊन निघाले ते परत आलेच नाहीत. कुणी म्हणे सरहद्दीपलीकडं गेले, कुणी काय, कुणी काय. मामूंचा मात्र एकच राग होता आणि तो त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही – 'तुझं तोंड बघायलाही थांबला नाही तुझा बाप.'

"लहानपणापासून हेच ऐकत आलेय सर," आपा म्हणाल्या. "थांबले नाहीत, थांबले नाहीत. पन कुठं तरी तर थांबलेच होते ना... फोटो निघेपर्यंत तरी?"

घर आवरायला काढलेलं दिसत होतं. मुलगा हैदराबादला, तो दिवाळीनंतर त्यांना कायमचं घेऊन जाणार होता.

मी त्यांना विचारलं, वेरूळच्या रस्त्यावर दौलताबादचा दरवाजा आहे, तो नसेल? मग माझं मीच सांगितलं की नाही, तो मी कधीच बाद केलाय. तिथं खुलताबादच्या अंगानं बघितलं तर तट उजवीकडं चढतो, फोटोत डावीकडं; आणि शहराच्या अंगानं तो टेकडीआड जातो, दिसतच नाही.

"नसू दे," आपा म्हणाल्या. "रोज त्यातूनच जायचे ना ते? मला तेवढं दाखवून आना."

मग एक दिवस आम्ही माझ्या गाडीनं निघालो. छावणी, पडेगाव, मिटमिटा, सकाळचं स्वच्छ ऊन. किल्ला मागं टाकून पुढं गेलं की घाटाच्या तोंडाशी तो दरवाजा लागतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो – रस्ता थेट कमानीतूनच जातो, आणि एका वेळी एकच गाडी निघते. एका बाजूच्यानं थांबायचं, हॉर्न द्यायचा आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. सुट्टीच्या दिवशी तिथं ही रांग लागते. पण तो मधला वार होता. रस्ता अगदी मोकळा. दरवाजातून पलीकडं, खुलताबादच्या अंगाला गाडी कडेला लावली. समोर एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. बाकी कुणी नाही.

आपा खाली उतरल्या, कमानीला हात लावला, थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "सर, एक सेल्फी काढा. पोराला पाठवते. म्हनल, अम्मी फिरायला लागली."

मला सेल्फी काढता येत नाही, हे मी कबूल करतो. हात लांब केला की बोट पोचत नाही. दरवाजाकडं पाठ करून आम्ही दोघं उभे राहिलो आणि मी मोबाईल वर धरला. पडद्यावर आपा, मी, मागं कमान... आणि तट डावीकडं चढत गेलेला.

मी मान वळवून मागं पाहिलं. तट उजवीकडं. पडद्यावर पाहिलं. डावीकडं.

पुढचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो, हे तुम्हाला-मला सगळ्यांना माहीत आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या काळी निगेटिव्ह काचेच्या प्लेटवर असायची; ती कागदावर पालथी ठेवून छापली की डाव्याचं उजवं होतं. आपांचा फोटो उलटा छापलेला होता! जागा हीच. स्टिअरिंग उजवीकडंच होतं. कसला जहागीरदार आणि कसली अमेरिका – एवढ्या जाणत्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की फोटोच पालथा असेल. मला हसू फुटलं, आणि मी आपांना सांगणार एवढ्यात त्याच म्हणाल्या –

"सर, सरका जरा बाजूला. मागं मोटार थांबलीय. त्यांच्या हातात लेकरू आहे, आधी जाऊ द्या त्यांना."

मी पडद्यावर पाहिलं. कमानीत एक जुनी टूरिंग मोटार उभी होती. कापडी टप, पितळी दिवे. शेजारी उभ्या माणसाचा एक हात दारावर, दुसरा छातीशी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. खरं सांगतो, मला जराही भीती वाटली नाही. हल्ली लग्नातल्या फोटोंसाठी अशा गाड्या भाड्यानं आणतात, मला वाटलं तसलीच असेल. उलट माझ्यातला मास्तर जागा झाला.

"लेकरू नाही आपा," मी म्हणालो, "हात मोडलाय त्याचा. या गाड्यांचं हँडल उलटं फिरलं की मनगट जातं."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. रबरी भोंग्याचा, पों... पों... असा, सावकाश, अदबीनं वाजवलेला. मी दचकलो, बोट दाबलं गेलं, फोटो निघाला. आम्ही दोघं कडेला सरलो आणि वाट द्यायला वळलो.

कमान रिकामी होती.

मी धावत दरवाजातून पलीकडं गेलो. रस्ता किल्ल्यापर्यंत सरळ दिसत होता, त्यावर काही नाही. धुळीत चाकांच्या खुणा बघितल्या – कडेला माझ्याच गाडीच्या. सीताफळवाल्या बाईला विचारलं.

"कोन्ती मोटार?" ती म्हणाली. "मघापून तुमीच दोघं हायत. दुसरं कुनीबी आलं नाय."

"हॉर्न?"

"नाय बा."

मोबाईलमधला फोटो उघडला. पडदा आरशासारखा दाखवत असला तरी माझा फोन फोटो जपताना सरळ करून ठेवतो. तर त्यात आम्ही दोघं, दोघांचीही तोंडं कडेला सरकण्याच्या बेतातली, तट उजवीकडं, आणि मागं रिकामी कमान.

येताना गाडीत आम्ही काय बोललो असू? भूत होतं की भास होता, याच्यावर चकार शब्द नाही. मिटमिट्यापर्यंत आम्ही भांडलो ते त्या पांढऱ्या कापडावरून. मी म्हणे बँडेज. आपा म्हणे लेकरू.

"सर, अख्खी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात केली मी. मोडलेला हात कसा धरतात आन लेकरू कसं धरतात, मला कळंना व्हय? कोपर बघितला नाय तुम्ही. लेकराचं डोकं जपायला कोपर असा बाहेर काढतात."

"आपा, मी हँडल मारणारी माणसं पाहिलीत."

"हौ, हौ. तुम्ही हँडलच बघा."

पडेगाव आल्यावर त्या बाहेर बघत म्हणाल्या, "घाई नव्हती त्यांना. आपन सरकेपर्यंत थांबले होते."

घरी आल्यावर मी नियमाप्रमाणं आजचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं – मूळ प्रिंट उलटी आहे, जागा दौलताबादचा दरवाजा. मोटारीचा विषय काढला नाही. माझी ग्रुपवर थोडी इज्जत आहे.

पुढं जे झालं ते या पोस्टमुळं. जालन्याच्या एका सभासदाच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या माळ्यावर काचेच्या प्लेट्सची खोकी पडून होती. प्लेट्सवर नावं नाहीत, त्यामुळं तो कधी त्या वाटेला गेला नव्हता. आता दौलताबादचा दरवाजा असलेली प्लेट शोधायची एवढं नक्की झाल्यावर त्यानं एकेक प्लेट उजेडाला धरून पाहिली, आणि त्याला ती सापडली. काचेला ओल लागलेली नव्हती. त्यानं सरळ प्रिंट काढून माझ्याकडं पाठवली.

ती पाकिटातून काढली तेव्हा मी उभा होतो, खुर्ची ओढून बसलो. तट उजवीकडं. स्टिअरिंग उजवीकडं. मोटारीशेजारी एक तरुण, हडकुळा माणूस, डोक्यावर रुमाल बांधलेला. एक हात दारावर. दुसऱ्या हातात, छातीशी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं तान्हं मूल. कोपर बाहेर काढलेला. मुलाच्या डोक्याला टोपरं, पुढं काळे गोंडे.

मी तसाच उठलो आणि रोशन गेटला गेलो. दारात टेम्पो उभा, मुलगा सामान चढवत होता. आपा रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. मी प्रिंट त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ त्या वडिलांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. मग पिशवीतून टोपरं काढलं आणि फोटोशेजारी ठेवलं. गोंडे तेच. ओळ तीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवायला गेलो नाही.

"म्हटलं नव्हतं सर," आपा म्हणाल्या, "लेकरू आहे म्हणून?"

"म्हटलं होतं आपा."

"मामू म्हनायचे, तोंड बघायलाही थांबला नाही." त्यांनी पदरानं प्रिंटवरचं बोटाचा ठसा पुसला. "बघितलं ना. चांगलं उजेडात धरून बघितलं."

टेम्पो निघाला तेव्हा ती प्रिंट त्यांच्या मांडीवर होती, टोपऱ्यात न गुंडाळता, उघडी. आता हैदराबादला त्यांच्या भिंतीवर ती लावलेली आहे. मुलगा सांगत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला अम्मी फोटोतलं लेकरू दाखवते आणि म्हणते, ही मी.

करीमखान पुढं कुठं गेले, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. ग्रुपवर शोध चालू आहे. आणि त्या सकाळी पडद्यावर काय होतं, याचं कारण माझ्याकडं नाही. मी सगळं तपासून पाहिलं. आपांना डागाखालचं दिसणं शक्य नव्हतं. मला तर दिसूनही कळलं नाही. आयुष्यभर मी पोरांना सांगितलं की कारण असतंच, तुम्हाला सापडत नाही एवढंच. तेच आता स्वतःला सांगतो.

मात्र त्या रस्त्यानं गेलो की दरवाजाच्या अलीकडं मी गाडी थांबवतो. समोर कुणी नसलं तरी हॉर्न देतो, आणि थोडा वेळ थांबून मगच आत शिरतो. बायको विचारते, कुणासाठी थांबलात? मी म्हणतो, येत असेल कुणी, हातात लेकरू घेऊन.